वाजणारा मणी

मणी फुटला तेव्हा आवाज काही फार मोठा झाला नाही. फट्ट. भाजताना शेंग तडकावी तितकाच. पण रिनाच्या हातातली गॅसची बत्ती दचकून बाजूला गेली, नाकाशी काळ्या धुराची एक बारीक वळवळ आली, आणि तिच्याआधी तिच्या नाकाला कळलं की आत लाख होती. जळक्या लाखेचा तो चिकट, गोडसर वास. पूर्वी पोस्टात पार्सलावर शिक्का मारताना यायचा तो. "आता गं माय!" ती मोठ्यानं म्हणाली. भर दुपारची वेळ, बाबूपेठेतल्या तिच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, शेजारच्या कूलरची घरघर तेवढी भिंतीतून येत होती. पण असं काही हातून झालं की साक्षीला कोणी नसलं तरी माणूस बोलतोच. लोखंडी थाळीत मण्याचे दोन अर्धे पडले होते, एक पालथा, एक उताणा. आणि तो मणी तिचा नव्हता.

मणी होता सोमारीबाईंचा. चामोर्शीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथल्या एका गावाहून ही म्हातारी नातीला घेऊन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आली होती. नातीचं नाव करिश्मा. तिनं मागच्या प्रदर्शनात रिनाकडून चांदीचे कानातले घेतले होते, तेवढ्या ओळखीवर काल सकाळी दवाखान्यात जाता जाता दोघी ऑटो थांबवून आल्या. म्हातारीचा एक डोळा केव्हाच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. तिनं चाचपत गळ्यातली माळ काढली आणि रिनाच्या तळहातावर ठेवली. बोराएवढे अकरा चांदीचे मणी, मध्ये मध्ये लाल काचमणी, आणि घामातेलानं काळा पडलेला सुती धागा, आज तुटू की उद्या असा. "धागा बदलून दे," ती म्हणाली. "बाकी कशाले हात नोको लावू. उद्या डोळा चिरनार हायेत, परवा पट्टी निघते. पट्टी निघाली का मले माळ पाह्याची हाय." माळ हातात येताना खुळखुळली. लाजत लाजत, तोंडावर पदर घेऊन कोणी हसावं तशी. रिनानं एक मणी कानाशी नेला, दुसरा नेला. अकराच्या अकरा वाजत होते. "आत काय आहे वो बाई?" तिनं विचारलं. म्हातारीनं तोंड ऑटोच्या दिशेला वळवलं आणि म्हणाली, "चाल करिश्मा, उशीर होते."

आता सांगितलेल्या कामात आगीचं काय काम होतं? काडीचं नव्हतं. जुना धागा कापायचा, मणी रिठ्याच्या पाण्यातून काढायचे, नवा धागा मेण लावून ओवायचा, प्रत्येक चांदीच्या मण्याआड एक गाठ मारायची. दीड तासाचं काम. एका मण्याचं भोक कडेला फाटलं होतं हे खरं, आणि फाटलेली कडा नवा धागा कापते हेही खरं. पण हे झालं निमित्त. खरी गोष्ट अशी की रिनाला राहवलं नाही. चांदीचा पोकळ मणी म्हणजे दोन वाट्या. पत्रा तापवून नरम करायचा, गोल चकत्या कापायच्या, पितळी ठोकळ्याच्या खळग्यात ठोकून त्यांना वाटीचा आकार द्यायचा, कडा घासून तोंडाला तोंड लावायचं, टाकणखार फासायचा आणि डाक, म्हणजे चांदीआधी वितळणारा सांध्याचा धातू, ठेवून आग द्यायची. डाक वितळला की दोहोंचा एक मणी. हे तिला झोपेतही आलं असतं. पण कितीही घासा, डाकाची रेघ राहते. केसाएवढी, पिवळसर, पण राहते. या मण्यांना रेघच नव्हती. भिंगातून पाहिलं, उन्हात फिरवून पाहिलं, नखानं चाचपलं. मधोमध एक हलकासा उंचवटा, बस. मग तिच्या मनात आलं, डाक असेल तिथे चांदी आधी लाल होईल, जरा आग दाखवून पाहू. जरा. या 'जरा'नं तिचा जन्मभर घात केला होता.

सातवीत असताना तिनं बाबांचा रेडिओ उघडला होता. बाबा, म्हणजे धनराज वायरमन, दुपारच्या जेवणाला घरी आले तर चटईवर रेडिओची आतडी पसरलेली आणि मधोमध पोरगी बसलेली, हातात एक तांबड्या तारेचं वेटोळं. आई मारायला धावली. बाबांनी तिला अडवलं, उकिडवे बसले, आणि विचारलं, "काय दिसलं?" रिनाला तेव्हा काही सांगता आलं नव्हतं. आवाज कुठे राहतो ते तिला शोधायचं होतं आणि तो तर कुठेच नव्हता. "मग उघडला कशाला?" बाबा म्हणाले होते, रागानं नाही, अगदी खरोखरचं विचारावं तसे. पुढे बारा वर्षांनी शाळेतली कंत्राटी नोकरी सोडून ती गुणवंतराव सोनारांकडे चांदीचं काम शिकायला जायला लागली तेव्हा सगळी वस्ती हसली. बौद्धाची पोरगी सोनाराच्या भट्टीपाशी काय करून राह्यली म्हणे! गुणवंतरावांच्या बिरादरीतही कुरकुर झालीच. बाबा तेवढे म्हणाले, "शिक. पण उघडलंस तर बंद करायचंही शीक." बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. रिनाला एकदम त्यांची इतकी आठवण झाली की तिनं बत्ती बंद करून दोन मिनिटं नुसते हात मांडीवर ठेवले.

मग तिनं चिमट्यानं उताणा अर्धा उचलला, आणि काय सांगावं, सगळा पस्तावा बाजूला राहिला. आत डाक नव्हताच! एका वाटीची कड किंचित आत दाबलेली, दुसरीची किंचित बाहेर. डब्यावर झाकण बसावं तशी एक दुसरीत बसली होती, आणि वरून कड घासून घासून अशी मिटवली होती की रेघ नाहीशी व्हावी. धरून ठेवायला आत लाख. म्हणजे मणी बंद करताना या माणसानं आग वापरलीच नव्हती. का नव्हती? आगीनं आतलं काही बिघडेल म्हणून? की त्याच्याजवळ धड डाकच नव्हता? आणि जंगलातल्या गावात, कोळशाच्या चार निखाऱ्यांवर, फुंकणीनं फुंकून, इतका पातळ सारखा पत्रा? ती अर्धा उलटा करी, भिंगाखाली धरी, हातोडीचे खवल्यासारखे ठसे मोजी. त्या माणसाचा हात डावा असावा. ठसे सगळे उलट्या अंगानं कलले होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एक डावरा माणूस तिच्यासमोर बसून काम करतोय असं तिला वाटलं, आणि तिनं त्याला आणखी शंभर प्रश्न विचारले असते. अर्धा तास असा गेल्यावर तिला आठवलं की वाजत होतं ते कुठे गेलं.

ते थाळीत पडलं होतं. थाळीत सकाळपासूनच्या तिच्या स्वतःच्या चांदीच्या कातरणी होत्या, तारेचे तुकडे होते, कोळशाची भुकटी होती, आणि आता त्या सगळ्यावर जळलेल्या लाखेचे काळे शिंतोडे. तिनं एक एक कण वेगळा केला. काळं ते सगळंच काळं. यातलं त्या मण्याच्या पोटातलं कोणतं आणि तिच्या हातचं कोणतं, देव जाणे, आणि देवावर तर तिचा भरवसा नव्हता. तिनं गुणवंतरावांना फोन लावला. म्हातारा सोनार आता नागपूरला मुलाकडे असतो, हात थरथरतात, पण जीभ शाबूत आहे. सगळं ऐकून ते हसले. "वाजणारा मणी म्हणजे खोट, पोरी. चांगला मणी मुका असतो. वजन भरायला खडे टाकले असतील आत. अगं, सोनार सख्ख्या आईलाही सोडत नाही, मी सांगतो ना, मी सोनार आहे." मग गंभीर होऊन म्हणाले, "तसाच एक बनव आणि ओवून दे. म्हातारीला दिसत नाही म्हणतेस ना?"

तसाच एक बनवणं रिनाला जमलं असतं. दोन तासांत तिनं वाट्या ठोकल्याही. हातोडी मुद्दाम डाव्या हातात धरून ठोकल्या, कडा बसवल्या, काळपटपणा यावा म्हणून गंधकाचा धूर दिला. दहा जुन्यांत अकरावा ठेवला तर तिचा तिलाच क्षणभर ओळखू येईना, आणि त्या क्षणी तिला आनंद झाला, नाही म्हणता येत नाही, आपण काहीतरी आहोत असं वाटलं. मग बंद करायची वेळ आली. लाख वितळवून घातली. आणि आत काय टाकायचं? खडे टाकले तर ती एका अनोळखी डावऱ्या माणसाला चोर ठरवत होती. काहीच नाही टाकलं तर मणी मुका. काय टाकायचं ते कळलं नाही म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, तो मणी बंद झाला नाही. यात रिनाचा प्रामाणिकपणा किती हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि उत्तर फारसं आवडण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला ती दवाखान्यात गेली. ऑपरेशन सकाळीच झालं होतं. सोमारीबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यावर पांढऱ्या कापसाची पट्टी, तोंड किंचित वर केलेलं. करिश्मा खाली चटईवर बसून पोहे खात होती. रिनानं नव्या धाग्यात ओवलेली माळ म्हातारीच्या हातात दिली. सुरकुतलेली बोटं एकेका मण्यावरून सरकत गेली आणि शेवटी थांबली. "दहा हायेत," सोमारीबाई म्हणाल्या. नवीन मणी रिनाच्या पर्समध्ये होता, उघडाच. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. भोक, आग, फट्ट, लाख. काही लपवलं नाही. करिश्माचा घास हातातच राहिला. "काऊन असं केलंस वो ताई? आजीनं सांगतलं होतं ना, हात नोको लावू म्हणून!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारीनं मात्र हात वर करून तिला गप्प केलं आणि रिनाच्या दिशेनं वाकली. "मंग? आत काय व्हतं?"

रिना म्हणाली, नाही सांगता येत. माझ्याच कचऱ्यात मिसळलं. मी जोड कसा आहे ते पाहत बसले.

"उघडलंस अन् पाह्यलं नाईस?" सोमारीबाईंचा आवाज एकदम चढला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. "सारा जनम मी नाई उघडलं. नवरा म्हने उघड, मी नाई उघडलं. पोरगा म्हने उघड, मी नाई. तुनं उघडलं, अन् तुले सांगता येत नाई!"  रिनाला वाटलं होतं, म्हातारी मण्यासाठी रडेल, नुकसान भरून मागेल, निदान शिव्या देईल. हा राग तिला कळेना, आणि तरी कुठेतरी फार ओळखीचा वाटला. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, तुमाले काय पाह्यचं होतं आत?"

म्हातारीनं माळ मांडीवर ठेवली. मग बोलली ती तुटक तुटक, मध्येच माडिया बोलीत, मध्येच मराठीत, आणि करिश्मानं जिथे अडलं तिथे पुढं केलं. दहा वर्षांची असेल तेव्हा. मार्कंड्याची जत्रा उठली होती आणि एक माणूस गावात आला, सिरोंच्याच्या अंगचा, तेलगू बोलणारा. मोहाच्या झाडाखाली त्यानं ऐरण मांडली. बाबानं आईचे राजाछाप चांदीचे रुपये त्याला दिले, मणी कर म्हणून. सात दिवस तो ठोकत होता आणि सात दिवस सोमारी त्याच्यासमोरून हलली नाही. निखारे फुंकायला बसायची. "मामा म्हनो मी त्याले. तो डाव्या हातानं ठोके, मी बी डाव्या हातानं ठोकून पाहो. हासे तो." माळ झाली. साऱ्या गावानं पाहिली. सोमारीनं ती हलवली, कानाशी नेली, आणि टाळ्या पिटत ओरडली, बाबा, हे वाजते! "मीच सांगतलं. कोनाच्याच ध्यानात नव्हतं आलं. मले मजा वाटली म्हनून सांगतलं." बाबानं मणी कानाशी नेला आणि म्हणाला, खडे भरले आत, चांदी चोरली. मग काठी घेतली आणि त्याला झोडलं. "तो काहीबाही बोलत होता, तेलगूत, कोनाले समजते? मन्याकडे बोट दाखवत होता. नुसतं बोट दाखवत होता. ऐरण टाकून पळाला. त्या ऐरणीवर मंग बाबानं नांगराचे फाळ ठोकले." म्हातारीनं ओठ चाटले. "आई मेली तं माळ माह्याकडे आली. खडे निघाले तं आईचा दागिना खोटा. अन् खडे नाई निघाले तं..." ते वाक्य तिनं तिथेच ठेवलं. "मंग म्हटलं, ऱ्हाऊ दे बंद."

 म्हातारी रिनाच्या मनगटाशी चाचपत आली आणि ते घट्ट धरलं. "आता एक फुटलाच. उद्या पट्टी निघते. तवा ये. दुसरा उघड, माह्यासमोर. आगीनं नाई."

त्या रात्री काय झोप लागणार! लागली ती पहाटे, आणि सकाळी नऊला ती हजर होती. पर्समध्ये पातळ पात्याची सुरी, भिंग, कापडाचा तुकडा. डॉक्टर येऊन गेले होते. सोमारीबाईंचा डोळा लाल होता, पाणावलेला, आणि पाहत होता. खिडकी पाहत होता, करिश्माच्या ओढणीवरची फुलं पाहत होता, रिना आली तशी तिला खालून वरपर्यंत पाहून म्हातारी म्हणाली, "लहानशीच हायेस की वो!" रिनानं खाली जाऊन टपरीवरून स्टीलच्या ग्लासात कढत पाणी आणलं. लाख नरम व्हायला आग लागत नाही, ऊब पुरते. हे तिला ठाऊक होतं, कालही ठाऊक होतं. म्हातारीनं स्वतः मणी निवडला, मधला. रिनानं तो धाग्यावरून सोडवला, ग्लासात सोडला, मनात शंभर मोजले, बाहेर काढून कापडात धरला, आणि उंचवट्याखाली सुरीचं टोक घालून हलकेच फिरवलं. एक फेरा. दुसरा.  तिसऱ्या फेऱ्याला वरची वाटी डब्याच्या झाकणासारखी सुटली.

लाखेत एक पोकळी ठेवली होती, अंगठ्यानं दाबून केल्यासारखी. तिच्यात तीन लहान कपरे होते, काळेठिक्कर. रिनानं ते तळहातावर घेतले आणि भिंग धरलं. एकाच्या कडेला बारीक उभ्या रेघा होत्या, अगदी सारख्या अंतरावर. नाण्याच्या कडेला असतात त्या. चकत्या कापल्यावर उरलेली कातरण. त्या माणसानं उरलेली चांदी स्वतःजवळ ठेवली नव्हती. मालकाची ती मालकाला, मण्याच्या पोटात घालून परत केली होती, आणि वाजावी म्हणून पोकळी ठेवली होती. वाजेल म्हणजे कळेल. आग न देता बंद केलं ते याचसाठी, आगीत तुकडे लाखेत रुतले असते. इतकं सगळं तिला एका क्षणात उमगलं. असा माणूस! आणि तोच आनंद अर्ध्यावर मोडून तिला समोर बसलेली म्हातारी दिसली.

"काय हाय?" सोमारीबाईंनी विचारलं. नवा डोळा ताणून त्या पाहत होत्या, पण एवढं बारीक त्यांना अजून दिसत नव्हतं. "काळं हाय. खडे हायेत का वो?"

खडे. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की म्हातारीचा बाबा खरा, काठी खरी, टाळ्या पिटणारी दहा वर्षांची पोरगी निर्दोष. पंचाहत्तरीची म्हातारी हलक्या मनानं गावाला जाईल. ज्या माणसाचं नावही कोणाला ठाऊक नाही तो चोर राहील, राहिलाच आहे इतकी वर्षं. कोणाचं काय बिघडणार? करिश्माही तिच्याकडे पाहत होती, जणू म्हण ना, म्हणून टाक. रिनाच्या ओठाशी 'हो' आलं. ते तिथेच अडकलं, आणि ती काही बोलेपर्यंत म्हातारीनं तिच्या तळहातावरचा एक कपरा उचलला होता. तिनं तो नखानं खरवडला. मग तोंडात घातला, उजवीकडच्या उरलेल्या दाढांखाली धरला, आणि दात दाबले.

दगड असता तर दाढ तरी गेली असती, आवाज तरी झाला असता. काहीच झालं नाही. सोमारीबाईंनी कपरा बाहेर काढला. त्यावर दाताची खूण उमटली होती, आणि खरवडलेल्या जागी पांढरी चांदी दिसत होती, ती त्यांनाही दिसली. त्या खिडकीच्या उजेडात तो फिरवून फिरवून पाहत राहिल्या. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ऑपरेशनचं की दुसरं, कसं सांगावं.

"आजी, डोळ्याले हात नोको लावू," करिश्मा म्हणाली.

म्हातारीनं तिचं ऐकलं नाही. तिनं ओल्या बोटांनी कपरा परत रिनाच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवली.

"मंग तो मार," ती म्हणाली, "माह्या वाट्याचा व्हता."